पिवळ्यांना लागलेली नजर

इस्त्रीच्या हॉलमध्ये त्या दुपारी एकशे त्रेसष्ट माणसं होती. धाकटीने ती दोनदा मोजली, एकदा दारातून आणि एकदा स्टुलावर चढून. दोन्ही वेळा आकडा तोच आला. समोर एक टेबल होतं. टेबलावर पत्र्याचं घमेलं, त्यात फोडून भरलेल्या बर्फाच्या दोन लाद्या. बाजूला मिठाच्या तीन पुड्या, एक इस्त्री आणि एक लोखंडी पेटी. पेटीला तीन कुलुपं. किल्ल्या तिघांकडे: एक पॅकिंगच्या मावशींकडे, एक वॉचमनकडे आणि एक कटिंग मास्तरांकडे.

कटिंग मास्तर म्हणजे धाकटीचे वडील. सकाळची गोळी ते घरीच विसरले होते, ती द्यायला ती जेवणाच्या सुट्टीत आली होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती दोन गल्ल्या पलीकडच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लागली होती, आणि दिसेल ते मोजायची तिला खोड होती. "पायऱ्या मोजल्याशिवाय हिला जिना चढता येत नाही," असं मास्तर कौतुकाने सांगायचे.

कारखाना फुटबॉलच्या जर्सींचा. मैदानावरच्या खेळाडूंच्या नव्हे, त्यांच्या नावाने घसा फोडणाऱ्यांच्या. जागतिक स्पर्धा तोंडावर आली की दोन पाळ्या चालायच्या. इथे देशांना नावं नसत, रंग असत. "निळ्यांची बाही आखूड आलीय", "लाल पट्टेवाल्यांच्या कॉलरी कुठे गेल्या?" अशी भाषा. यंदा सगळ्यात जास्त माल पिवळ्यांचा होता, कारण पेपर, टीव्ही आणि कोपऱ्यावरचा न्हावी एकमुखाने सांगत होते की कप पिवळेच नेणार. हॉट फेव्हरेट! मास्तरांनी एकट्याने पिवळ्यांच्या दोन हजार तीनशे चाळीस जर्सी कापल्या होत्या. आणि काल संध्याकाळी पिवळे उपांत्यपूर्व फेरीतच पेनल्टीवर हरून घरी गेले होते.

म्हणून तर ही गर्दी होती.

टेबलामागे गारबुवा उभा होता. चार वर्षांपूर्वीपर्यंत हा परत आलेल्या मालाच्या खोलीत पेट्या फोडायचा आणि सगळे त्याला 'ए पेटीवाल्या' म्हणून हाक मारायचे. मग त्याला म्हणे साक्षात्कार झाला. बर्फात हात घालून तो लोकांची नजर उतरवू लागला, म्हणून गारबुवा. पैसे घेत नसे. फक्त मिठाची एक पुडी आणायची. पैसे न घेणाऱ्या माणसावर लोक किती पटकन विश्वास ठेवतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"एकोणीसशे पन्नास!" गारबुवाने हात वर केला. "ब्राझील! मैदान घरचं, माणसं घरची. सामन्याआधीच पेपरांनी जगज्जेते म्हणून फोटो छापले. मग काय झालं?"

"हरले!" हॉल म्हणाला.

"एकोणीसशे चोपन्न! हंगेरी! चार वर्षं कुणी हरवलं नव्हतं. ज्यांना आधी आठ गोल घातले, तेच पुन्हा फायनलला समोर आले. मग काय झालं?"

"हरले!"

"दोन हजार दोन! फ्रान्स! आधीचे जगज्जेते! गोल किती केले?"

"शून्य!"

"अहो, का? पाय मोडले होते का त्यांचे?"

"नजर!" एकशे त्रेसष्टांपैकी निदान दीडशे जण ओरडले. "नजर लागली!"

"दहा जणांच्या तोंडी आलं की दृष्ट लागते, मग हे तर सगळ्या जगाच्या तोंडी आलेले. फेव्हरेट झाला की मेला! यंदा पेपरात आठ फेव्हरेट होते. त्यातला कोण पडणार, ते या कापडाला स्पर्धेआधीच माहीत होतं. मावशी, वॉचमनकाका, मास्तर, या. पेटीला कुणी हात लावला होता का?"

"नाही बाबा," मावशी म्हणाल्या. "किल्ली माझ्या गळ्यात होती."

तीन कुलुपं उघडली. आतून टेबलक्लॉथएवढं पांढरंशुभ्र कापड निघालं. गारबुवाने ते दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवलं. कोरं होतं. मग त्याने तिन्ही पुड्या बर्फात ओतल्या, कापडाचा काठ चाचपत चाचपत एक भाग मुठीत धरला आणि तेवढाच घमेल्यात खुपसला. "उतर, उतर, जगाची नजर उतर," असं पुटपुटत त्याने दहा मिनिटं घालवली. बाहेर काढून कापड उलगडलं, तेव्हा त्यावर निळसर अक्षरं होती.

पिवळे.

हॉलचं छप्पर उडायचं तेवढं राहिलं. पॅकिंगच्या मावशी रडू लागल्या. वॉचमनने टोपी काढली. धाकटीने वडिलांकडे पाहिलं. मास्तरांचा उजवा हात शर्टाच्या खिशावर होता आणि चेहरा त्या कापडासारखा झाला होता.

"बाबा, गोळी," ती म्हणाली.

त्यांनी गोळी घेतली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

*

महिन्यापूर्वी, स्पर्धा सुरू व्हायच्या आठवड्यात, ती त्यांना हृदयाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टर तरुण होता, फुटबॉलवेडा. टेबलावरच्या काचेखाली सामन्यांचं वेळापत्रक होतं.

"मास्तर, झडप म्हणजे दार समजा," तो म्हणाला. "तुमचं दार कडक झालंय. तीन चौरस सेंटिमीटर उघडायला हवं, ते शून्य पूर्णांक सात उघडतंय."

"बदललं नाही तर?"

"खोटं सांगत नाही. तुमच्यासारखे शंभर जण घेतले, तर पन्नास जण दोन वर्षं काढत नाहीत."

"आणि बदललं तर?"

"शंभरातले सत्त्याण्णव चालत घरी जातात. मास्तर, या मॅचमध्ये तुम्ही हॉट फेव्हरेट आहात!"

मास्तर हसले होते. धाकटीही हसली होती. इतका चांगला डॉक्टर मिळाला म्हणून बाहेर आल्यावर तिने आईला फोनही केला होता. ऑपरेशनची तारीख ठरली, उपांत्य सामन्याआधीचा सोमवार.

*

कापडावर पिवळे उमटले त्या संध्याकाळी मास्तर घरी आले, चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सोमवारचं रद्द केलं मी. दवाखान्यात फोन करून सांगितलं."

आईने हातातली बशी जपून खाली ठेवली. "म्हणजे?"

"म्हणजे रद्द नाही गं, पुढे ढकललं. ही स्पर्धा संपू दे. मग बघू."

"बाबा, स्पर्धेचा आणि तुमच्या झडपेचा काय संबंध?" धाकटीने विचारलं.

मास्तरांनी खिशातून एक पांढरा रुमाल काढला. कोरा, कडक इस्त्रीचा. "गारबुवाला विचारलं मी, सगळे गेल्यावर. हा रुमाल त्याने स्वतःच्या पिशवीतून काढला, बर्फात धरला. शब्द आला. 'थांब.' स्पष्ट. मग त्याने इस्त्री फिरवून शब्द आत बंद केला. म्हणाला, हृदयाजवळ ठेवा."

"आणि तुम्ही ठेवलात!"

"डॉक्टर काय म्हणाला होता, आठवतं ना? हॉट फेव्हरेट." मास्तरांनी तो शब्द हळूच उच्चारला, जसं एखादं आजाराचं नाव उच्चारतात. "त्याने चांगल्या मनाने म्हटलं, पण म्हटलं. आणि फेव्हरेटांचं काय होतं ते काल बघितलंस. पन्नास साली, चोपन्न साली..."

"दोन हजार दहा साली स्पेन फेव्हरेट होता. पहिलाच सामना हरला आणि तरी कप जिंकला! ते का नाही सांगत तुमचा बुवा?" धाकटी भराभर बोलू लागली. "बाबा, ऐका. पिवळे फेव्हरेट होते म्हणजे काय? बाकीच्या कुठल्याही एका संघापेक्षा त्यांचे चान्स जास्त. तरी किती? फार तर पाचातला एक! म्हणजे फेव्हरेट असूनही पाचातल्या चार वेळा ते हरणारच. त्यात नजरेचं काय? तुमचे चान्स शंभरात सत्त्याण्णव आहेत. शब्द एकच आहे हो, आकडे वेगळे आहेत!"

"तू आकडे सांगतेस," मास्तर म्हणाले. "मी तीस वर्षं आकड्यांवरच कापड कापतोय. आकडा बरोबर असतो आणि तरी बाही आखूड येते."

"शंभरातल्या किती आखूड येतात?"

"दोन-तीन."

"मग!"

"मग त्या दोन-तीनांतला मी नसेन कशावरून?"

हा प्रश्न आकड्यांचा नव्हता. ते घाबरले होते. तिला ते दिसत होतं आणि तरीही तिने आवाज चढवला. "त्या पेटीवाल्याला गणित येतं का? घमेल्यात हात घालणाऱ्या माणसावर तुम्ही जीव टांगून ठेवलाय!"

"हळू बोल," आई म्हणाली. "त्यांना दम लागतोय."

मग मास्तरांनीच नेहमीप्रमाणे विषय बदलला. खिशातलं निळं पेन काढून तिच्या नाकाला टेकवलं. "ए वकिलीणबाई, भुताच्या जर्सींची गोष्ट ऐकलीस का?"

"दहा वेळा."

"अकराव्यांदा ऐक. या पेनाने मी आखतो, कापतो, ते शिवतात, इस्त्री फिरली की खूण गायब. तर त्या वर्षी माल गेला कुठल्या तरी थंड देशात, भर हिवाळ्यात. अख्ख्या पेट्या परत! का, तर प्रत्येक जर्सीवर माझ्या सगळ्या खुणा परत उमटलेल्या. मालक म्हणाले, मास्तर, तुमचं भूत गेलं होतं वाटतं मालाबरोबर."

ते एकटेच हसले. धाकटी रागात होती. तिने गोष्ट ऐकली नाही, नुसती सहन केली.

पुढच्या दिवसांत ती दोनदा डॉक्टरकडे गेली, एकदा डॉक्टरला घरी घेऊन आली. डॉक्टरने हात जोडून माफी मागितली. "मास्तर, तो शब्द मी मागे घेतो. तुम्ही फेव्हरेट नाही आहात. तुम्ही पेशंट आहात." मास्तरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, उपांत्य सामन्यात निळ्यांचा बचाव कसा ढिला होता यावर पंधरा मिनिटं बोलले आणि म्हणाले, "फायनल झाली की लगेच तारीख घेऊ. शब्द देतो."

फायनल रविवारी झाली. निळे जिंकले. मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मास्तर कटिंगच्या टेबलावर वाकले ते वाकलेलेच राहिले. समोर बत्तीस थरांचं निळं कापड आखून झालं होतं. कापायचं राहिलं होतं.

*

पंधरा दिवसांनी धाकटी त्यांचं सामान आणायला गेली. मावशींनी एका खोक्यात भरून ठेवलं होतं: मोठी कात्री, कापडी टेप, चष्मा, खिशातला रुमाल आणि तीन निळी पेनं.

खोकं मांडीवर घेऊन ती इस्त्रीच्या हॉलमध्ये बसली. भिंतीवर मोठ्या फ्रेममध्ये ते कापड लटकत होतं. पिवळे. तिने नुसतं बघायचं म्हणून पेनाचं टोपण काढलं आणि खोक्यावर पसरलेल्या चिंधीवर एक रेघ मारली. कापडावरच्या अक्षरांचा निळा आणि रेघेचा निळा एकच होता. शेजारच्या इस्त्रीवाल्याने सवयीने चिंधी ओढली, इस्त्री फिरवली आणि परत दिली. रेघ गेली होती.

भर हिवाळ्यात, थंड देशात, माझ्या सगळ्या खुणा परत उमटलेल्या.

पेट्या कुणी फोडल्या होत्या?

मग तिला मीठ आठवलं. त्या दुपारी तिने सगळं मोजलं होतं. माणसं, कुलुपं, लाद्या, पुड्या. तीन पुड्या मीठ कशाला, एवढं मात्र विचारलं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत तिने स्वतःच्या हाताने बर्फात मीठ घालून पारा उतरवला होता. पदवीला त्याची आकडेमोड केली होती. आणि हॉलमध्ये ते मीठ बघून ती म्हणाली होती, "बाबा, गोळी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती लॅबमधला थर्मामीटर घेऊन आली. मावशींनी आधीच घमेलंभर बर्फ मागवून सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. हॉलमध्ये एकशे बासष्ट माणसं होती.

"पोरी, दुःखाने डोकं फिरतं माणसाचं," गारबुवा मायेने म्हणाला. "बस जरा."

"बसते. आधी हे धरा." तिने थर्मामीटर वॉचमनच्या हातात दिला. "काका, नुसत्या बर्फात घाला. किती?"

"शून्य."

तिने आपल्या चिंधीवर पुन्हा रेघ मारली, इस्त्रीने घालवली आणि चिंधी बर्फात दाबली. बाहेर काढली. कोरीच होती. मग तिने तीन पुड्या मीठ ओतलं, काठीने ढवळलं. "आता?"

"उणे... उणे सोळा!" वॉचमनने थर्मामीटर झटकला, पुन्हा घातला. "उणे सोळाच आहे हो!"

दहा मिनिटं कुणी जेवायला गेलं नाही. चिंधी बाहेर आली तेव्हा रेघ परत आली होती. हॉलमधल्या प्रत्येकाने ते पेन रोज हातात धरलं होतं. रोज त्यांच्या डोळ्यांसमोर खूण जायची. ती मरत नाही, फक्त झोपते, हे बघायची पाळी कुणावर आली नव्हती. या हॉलमध्ये थंडी कधी शिरलीच नव्हती.

"हे झालं पेनाचं," गारबुवा म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता. "पण नाव? नाव मला कसं कळलं? पेटी बंद होती!"

"पेटीचा काही संबंधच नाही. मावशी, ती फ्रेम काढा."

"त्याला हात लावू नका! कोप होईल!"

"होऊ दे," मावशी म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात अजून किल्ली होती. "माझ्यावर होऊ दे."

धाकटीने कापडाचा काठ चाचपला. शिवणीत बारीक गाठी होत्या. एके जागी एक, पुढे दोन, पुढे तीन, अशा आठपर्यंत. तिने कापड मुठीत धरलं नाही. अख्खं घमेल्यात दाबलं, वर उरलेला बर्फ आणि मीठ पसरलं. मग चार बायकांनी चार टोकं धरून ते उलगडलं.

पिवळे. निळे. लाल पट्टे. पांढरे. नारिंगी. हिरवे. आकाशी. मरून.

आठच्या आठ. ज्यांनी कप जिंकला ते निळेसुद्धा.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सगळेच लिहिलेत की."

"सगळेच लिहिलेत," धाकटी म्हणाली. "जो पडेल त्याची जागा गार करायची. आणि पडणार कोण याची चिंताच नाही, कारण कप एकच असतो. आठ फेव्हरेटांतले सात पडणारच, ते कुणीही सांगेल. पन्नास, चोपन्न, दोन हजार दोन, सगळं खरं आहे. जे जिंकले त्यांची नावं तेवढी हा माणूस घेत नाही." तिने पेनाला टोपण लावलं. "मला भाषण येत नाही. एवढंच सांगते. कुणी म्हणालं तुमचं चांगलं होणार, किंवा वाईट होणार, तर विचारा, शंभरातले किती? आणि कुणी कापडावर एक शब्द दाखवला, तर अख्खं कापड बघायला मागा. लाजू नका. मी त्या दिवशी इथेच उभी होते आणि मी मागितलं नाही."

गारबुवा टेबलाचा काठ धरून उभा होता. मघाचा सगळा आव गळून पडला होता आणि मागे तो जुना पेटीवालाच उरला होता.

"मास्तरांशी माझं वैर नव्हतं गं," तो म्हणाला. "ते आले, मी विचारलं, मनात काय आहे? म्हणाले, भीती वाटते रे, टेबलावर झोपवतील, उठणार नाही. मी त्यांना हवं तेच दाखवलं."

मावशींनी गळ्यातली किल्ली काढली आणि त्याच्यासमोर घमेल्यात टाकली.

धाकटी खोकं उचलून लॅबमध्ये गेली. तिथल्या फ्रीजरचा काटा उणे वीसवर होता. तिने वडिलांचा रुमाल घडी न घालता काचेच्या ताटलीवर पसरला, आत ठेवला आणि घड्याळ लावलं. मधल्या वेळात सहा नमुने तपासले. चाळीस मिनिटांनी रुमाल बाहेर काढला.

डाव्या वरच्या कोपऱ्यात 'थांब' होतं. उजव्या खालच्या कोपऱ्यात 'जा'. अक्षर एकाच हाताचं होतं, पेन एकच.

तिने मास्तरांचा टेप काढला, त्याचं टोक एका शब्दावर ठेवलं आणि दुसऱ्या शब्दापर्यंत ताणला.

अंतर अडतीस सेंटिमीटर.